लागू नसेल ते खोडा

शतक बदलायच्या सुमारास मी भाषांतराचा धंदा करत होतो. धंदा हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण साहित्याशी त्याचा काही संबंध नव्हता. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, क्वचित एखादं मृत्युपत्र. हिंजवडीत शेतांवर काचेच्या इमारती उगवत होत्या आणि त्या इमारतींत बसलेली मुलं तिथून थेट परदेशात उगवत होती. जाताना त्यांच्या लक्षात येई की आपण जन्माला आलो ते मराठीत. मग ती माझ्याकडे येत आणि मी त्यांना पानागणिक इंग्रजीत जन्माला घालत असे.

माझी खोली शिवाजीनगरच्या कोर्टापासून पाच मिनिटांवर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होती. खोलीत दोन टेबलं. एक माझं, दुसरं एका वकीलसाहेबांचं. भाडं निम्मं निम्मं. वकीलसाहेब सदाशिव पेठेतले, सत्तरीला टेकलेले. चाळीस वर्षं दिवाणी दावे लढवून, किंवा त्यांच्या शब्दांत सांगायचं तर 'तारखा घेऊन', ते आता फक्त नोटरीचं काम करत. मी भाषांतर करायचं, कागद सहा फूट प्रवास करून त्यांच्या टेबलावर जायचा, तिथे त्याला गोल शिक्का, लाल सील आणि सही मिळायची. परदेशी जाणाऱ्या माणसाचा पहिला प्रवास हाच असे.

ते मला 'प्राध्यापक' म्हणत. मी कधीकाळी रात्रशाळेत दोन वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, एवढाच त्याला आधार. माझ्या पाटीवर 'अनुवादक' होतं. काही देशांच्या कागदांवर 'शपथबद्ध अनुवादक' हवा असे. पहिल्यांदा तसा कागद आला तेव्हा वकीलसाहेबांनी विचारलं, "आपण शपथ घेतली आहे का?"

"लग्नात घेतली होती. संस्कृतात."

"तिचं भाषांतर केलंत का?"

"नाही."

"मग टिकली असेल," ते म्हणाले, आणि माझ्या शपथेचा वेगळा कागद करून दिला.

ह्या धंद्यात भाषेपेक्षा जास्त त्रास दिला तो वकिलांनी. म्हणजे त्या शब्दाने. मराठीत वकील हा वकील असतो. बायको त्याला 'आमचे हे', अशील 'वकीलसाहेब' आणि विरुद्ध पक्षाचा अशील आणखी काही म्हणतो, पण माणूस एकच. इंग्रजीत मात्र देश बदलला की वकील बदलतो. इंग्लंडात त्याच्या दोन जाती. एक ऑफिसात बसून कागद करतो, तो सॉलिसिटर. दुसरा डोक्यावर घोड्याच्या केसांचा टोप घालून कोर्टात बोलतो, तो बॅरिस्टर. पूर्वी आपल्याकडचे श्रीमंत लोक मुलांना बोटीने पाठवून बॅरिस्टर करून आणत. त्यासाठी तिकडे अभ्यासाबरोबर ठरावीक संख्येने जेवणं जेवावी लागत, हे मी कुठेतरी वाचून वकीलसाहेबांना सांगितलं. "आमच्याकडे त्याला मौंज म्हणतात," ते म्हणाले, "पण त्यावर कोणी प्रॅक्टिस करत नाही."

अमेरिकेत दोन जाती मोडून सगळ्यांना ॲटर्नी केलेलं. कॅनडात एकाच पाटीवर बॅरिस्टर आणि सॉलिसिटर दोन्ही, म्हणजे डॉक्टरनेच औषधाचं दुकान चालवावं तसं. स्कॉटलंडात कोर्टात बोलणाऱ्याला ॲडव्होकेट म्हणतात आणि तिथे ते फार मोठं प्रकरण असतं. हे कळलं तेव्हा मी खिडकीतून कोर्टाच्या दिशेने पाहिलं. चहाच्या टपरीभोवती चाळीसेक ॲडव्होकेट उभे होते. अमेरिकेहून परतलेल्या एका अशिलाने सांगितलं की तिकडे काही घरांच्या दारांवर 'सॉलिसिटरांना मज्जाव' अशी पाटी असते. वकीलसाहेब पेन ठेवून ऐकत राहिले. तिकडे हा शब्द दारोदार वस्तू विकणाऱ्यांसाठी वापरतात, असा खुलासा झाला, तेव्हा ते म्हणाले, "पाटी पुण्याची वाटते. शब्द तेवढा चुकलाय."

मी या सगळ्याची एक वही केली होती. पानाला एक देश. मला त्या वहीचा अभिमान होता, हे आधीच कबूल केलेलं बरं.

वकीलसाहेबांची वही नव्हती, पद्धत होती. त्यांच्या पद्धतीत तीन गोष्टी होत्या. एक, कागदावर जे खोडायचं ते पट्टी लावून, लाल शाईने, आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी आद्याक्षरं. दोन, पानाच्या तळाशी खाडाखोडींची मोजदाद: 'वर एकूण तीन ठिकाणी खोडले आहे, ते बरोबर.' तीन, सही करण्याआधी कागद उलटून पाहायचा. मागे काही लिहिलेलं नसेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारून 'मागची बाजू कोरी' असं लिहायचं आणि पुन्हा आद्याक्षरं. आपल्या सहीनंतर त्या पाठीवर कोणी काही लिहू नये म्हणून. उमेदीच्या काळात एका पावतीच्या कोऱ्या पाठीने त्यांचा चांगला दावा घालवला होता. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक अशिलाला ते सांगत, "कागदाला पाठ असते. माणसाची पाठ पाहिली नाही तरी चालेल, कागदाची पाहावी."

अशा ह्या खोलीत एका सकाळी एक बाई आल्या. अठ्ठावन्न-एकोणसाठच्या, सुती साडी, हातात कापडी पिशवी. यवतमाळकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. मुलगा हिंजवडीला नोकरीला, म्हणून आता वारज्यात चौथ्या मजल्यावर राहत होत्या. मुलगी आणि जावई इंग्लंडात. मुलीला सातवा महिना लागला होता.

"पहिलं बाळंतपण माहेरी करतात आमच्याकडे," बाई म्हणाल्या. "आता पोरगी तिथं, माहेर इथं. म्हणून म्हटलं, माहेरच तिकडं न्यावं."

माहेर न्यायचं तर व्हिसा हवा. जावयाच्या कंपनीने तिकडची कुठलीशी एजन्सी नेमली होती. ती सगळे कागद तपासून बोलावण्याचं पत्र पाठवणार, ते पत्र घेऊन बाई मुंबईला जाणार. एजन्सीला हवं होतं ते फार नव्हतं. मुलगी यांचीच आहे याचा पुरावा, म्हणजे तिचा जन्माचा दाखला, इंग्रजीत. आणि सोबत एक फॉर्म, ज्यावर दाखला खरा असल्याची एका कायदेशीर माणसाने सही करायची. फॉर्म मुलाने ऑफिसात छापून आणला होता.

दाखल्याचं भाषांतर मी दुपारपर्यंत केलं. दाखल्याची नक्कल नुकतीच लिहून देणाऱ्या ग्रामपंचायतीच्या कारकुनाचं अक्षर असं होतं की मुलीचं जन्मस्थळ मी तीनदा बदललं. बाईंनी प्रत्येक वेळी शांतपणे दुरुस्त केलं, शेवटी म्हणाल्या, "सर, हा कारकून माझाच विद्यार्थी होता. माझीच चूक आहे ती."

मग कागद सहा फूट सरकले. वकीलसाहेबांनी फॉर्म वाचायला घेतला. सहीच्या जागेवर छापलेलं होतं: 'सॉलिसिटर / बॅरिस्टर / ॲटर्नी. लागू नसेल ते खोडा.'

ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला.

"प्राध्यापक, मी सॉलिसिटर आहे का?"

"नाही. सॉलिसिटर मुंबईत मिळतात. फोर्टात."

"दिल्लीत एक सॉलिसिटर जनरल असतात."

"ते ॲडव्होकेट असतात."

"आणि जनरलही नसतात. असो. बॅरिस्टर?"

"आपण कधी बोटीत बसला आहात का?"

"खडकवासल्याला. ॲटर्नी?"

"अमेरिकेत गेलात तर."

"तोवर बाईंना थांबता येणार नाही," ते म्हणाले. त्यांनी खणातून पट्टी काढली आणि तिन्ही शब्द खोडले. लाल शाईने, सरळ रेघांत, प्रत्येकाशेजारी आद्याक्षरं. वरच्या मोकळ्या जागेत 'ॲडव्होकेट आणि नोटरी' असं लिहिलं. तळाशी मोजदाद केली, उजव्या कोपऱ्यात गोल शिक्का मारला, कागद उलटला, रेघ ओढली, 'मागची बाजू कोरी' लिहून सही केली. काम देखणं झालं होतं. तिन्ही पर्याय लागू नव्हते आणि फॉर्मने सांगितलं होतं की लागू नसेल ते खोडा. फॉर्मचं इतकं तंतोतंत पालन इंग्लंडात कोणी केलं नसेल.

बाईंनी कागदाकडे पाहिलं. "सगळंच खोडलं काय?"

"जे खरं नाही ते खोडलं."

"मग राहिलं काय?"

"मी," वकीलसाहेब म्हणाले.

कुरियर गेला. बारा दिवसांनी परत आला. फॉर्मला एक छापील चिठ्ठी टाचली होती, तिच्यावर आठदहा कारणं आणि प्रत्येकासमोर चौकट. एका चौकटीत खूण: 'अपूर्ण.' बाकी एक अक्षर नाही.

बाई आल्या तेव्हा मुलीला आठवा लागला होता. त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"अपेक्षित होतं," वकीलसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. दिवाणी वकिलाला प्रतिपक्षाचं लेखी म्हणणं आलं की जे होतं, ते त्यांना झालं होतं. "त्यांना ॲडव्होकेट म्हणजे काय हे समजलेलं नाही. खुलासा द्यावा लागेल."

तो खुलासा त्यांनी सांगितला आणि मी टाइप केला. आपल्याकडे पूर्वी वकील, प्लीडर, मुखत्यार असे कितीक प्रकार होते. मग कायद्याने त्या सर्वांना एका मापात आणून ॲडव्होकेट केलं. सबब अर्जात नमूद केलेले तिन्ही वर्ग पुणे शहरी अस्तित्वात नाहीत. सबब ते खोडणं हे अपूर्णता नसून पूर्णता होय. दीड पान झालं. इथे एखाद्या समजूतदार माणसाने थांबायला सांगितलं असतं. मी उठून माझी वही आणली. इतके दिवस पडून असलेल्या ज्ञानाला अखेर गिऱ्हाईक मिळालं होतं. सात देश, त्या देशांतले शब्द, समोर त्यांचे पुण्यातले समानार्थी, असा तक्ता मी तयार केला आणि त्यावर 'परिशिष्ट अ' असं लिहिलं.

"परिशिष्ट ब आहे का?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग अ कशाला?"

"वजन येतं."

त्यांनी मान डोलावली. मुलाने फॉर्मची नवी प्रत छापून दिली होती. त्यांनी पुन्हा पट्टी काढली, पुन्हा तीन रेघा, पुन्हा मोजदाद, कोपऱ्यात शिक्का, मागे तिरकी रेघ. खुलाशाच्या दोन्ही पानांच्या आणि तक्त्याच्या पाठीही कोऱ्या होत्या. त्यांवरही रेघा मारल्या. पाकीट चांगलं जाड झालं.

बाई शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं पाहत होत्या. निघताना त्यांनी मला विचारलं, "सर, त्यांना एवढं सारं पाहिजे होतं का? का आपणच लिहून राहिलो?"

"गैरसमज मुळातून काढलेला बरा," मी म्हणालो. हे वाक्य आजही आठवलं की मी जागच्या जागी थोडा हलतो.

अकरा दिवसांनी पाकीट परत आलं. तीच चिठ्ठी, तीच चौकट, तीच खूण. खुलाशाला आणि परिशिष्ट अ ला कोणी हात लावल्याचं दिसत नव्हतं. टाचणीसुद्धा आमचीच होती.

आता दिवस उरले नव्हते. डॉक्टरांनी जी तारीख दिली होती तिला सव्वा महिना राहिला होता आणि त्यात पत्र, मुंबई, व्हिसा, तिकीट सगळं बसवायचं होतं. बाई त्या दिवशी पिशवीत डिंकाच्या लाडवांसाठी घेतलेला डिंक घेऊन तशाच आल्या होत्या. लाडू करावेत की न करावेत, हे त्यांना आमच्याकडून कळायचं होतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "सॉलिसिटर लिहून टाका नं. कोण पाहून राहिलं तिथं?"

"मी पाहतोय," वकीलसाहेब म्हणाले.

"तुमचं तत्त्व मला समजते. मी मास्तरीण आहे. पण माझ्या पोरीच्या पोटातल्या लेकराला ते कोण समजावून सांगन?"

वकीलसाहेबांनी पट्टी सरळ करून ठेवली. मग म्हणाले, "बाई, मी कोर्टात तोंडाने बरंच काही बोललो आहे. कागदावर नाही."

"मुंबईला सॉलिसिटराकडे जाते मग."

ते मीच करून पाहिलं होतं. फोर्टातल्या एका फर्ममध्ये फोन केला, तर तिथल्या मुलीने आमचं काम काय, मालमत्ता किती, असं विचारलं आणि जन्माचा दाखला म्हटल्यावर दोन आठवड्यांनंतरची वेळ दिली. हे मी बाईंना सांगितलं. त्या उठल्या. डिंकाची पुडी टेबलावरच राहिली. ती मी जिन्यात जाऊन त्यांना दिली, तेव्हा त्यांनी घेतली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या दुपारी मी एक गोष्ट केली. आमच्या खाली झेरॉक्सच्या दुकानाशेजारी रबरी शिक्के करणारा बसे. अर्ध्या तासात शिक्का. मी त्याच्याकडून 'सॉलिसिटर' असा एक शिक्का करून घेतला. त्याने काही विचारलं नाही; त्याच्याकडून लोक 'सरपंच'सुद्धा करून नेत. मी तो वर आणून वकीलसाहेबांच्या शाईच्या पॅडशेजारी ठेवला आणि माझ्या टेबलाशी बसून एका लग्नाच्या दाखल्यात डोकं घातलं.

वकीलसाहेब चहा पिऊन आले. शिक्का पाहिला. उचलला. पॅडवर दाबला आणि टीपकागदावर उमटवला. मग टीपकागद लांब धरून पाहिला.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

मी दाखल्याचं पान उलटलं.

"खणाची किल्ली माझ्याकडे राहील," ते म्हणाले, आणि शिक्का खणात टाकून कुलूप लावलं. उरलेला दिवस आम्ही कामापुरतं बोललो. संध्याकाळी छत्री घेऊन निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "प्राध्यापक, तिचा कितवा महिना म्हणालात?"

"नववा लागेल."

"हं," म्हणून ते गेले. जिन्याच्या निम्म्यात ते थांबल्याचं मला ऐकू आलं. मग पुढे गेले.

तो शुक्रवार होता. सोमवारी सकाळी मी खोली उघडली तेव्हा बाई जिन्यावर बसलेल्या होत्या. वकीलसाहेब पाठोपाठ आले. ते नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर आले होते आणि त्यांच्या हातात सुरळी करून गुंडाळलेलं काहीतरी होतं. नंतर कळलं की तो त्यांनी रविवारी हाताने लिहिलेला तिसरा खुलासा होता, चार पानी.

"थांबा साहेब," बाई म्हणाल्या. "आधी हे पाहा."

त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले. एक आमच्या ओळखीचा फॉर्म. दुसरा आम्ही कधी न पाहिलेला.

"हे काय?" मी विचारलं.

"दुसरं पान."

त्यांनी ते टेबलावर पहिल्या पानाशेजारी ठेवलं.

"शुक्रवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला," बाई सांगू लागल्या, आणि त्यांचा आवाज नकळत वर्गातला झाला. "मी म्हटलं, बाई गं, हे लोक अपूर्ण अपूर्ण म्हणून राहिले, तर काय अपूर्ण आहे ते त्यांनाच फोन करून विचार नं. तिनं केला. तिथल्या पोरीनं एका मिनटात सांगितलं. म्हणे, दुसरं पान कुठं आहे? त्याच्यावर तुमच्या आईची सही पाहिजे. ते आलंच नाही."

मी वकीलसाहेबांकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे पाहत नव्हते हेही मला पाहावं लागलं नाही.

"मुलाला विचारलं, तर म्हणे, आई, ऑफिसात जास्त छापता येत नाही, म्हणून वकिलाची सही जिथं आहे तेवढंच पान काढलं." बाईंनी पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात छापलं होतं: पान एक, दोनपैकी. मग त्यांनी पिशवीतून परत आलेला जुना फॉर्म काढून शेजारी ठेवला आणि त्याच कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे वकीलसाहेबांचा गोल शिक्का होता. नीट, मध्यावर.

"परीक्षेत पोरं पेपर उलटून पाहत नव्हती," बाई म्हणाल्या. "मागचे प्रश्न तसेच राहायचे. चौथीच्या पोरांना मी छडी मारत होती त्याच्यासाठी."

"मी उलटून पाहिलं होतं," वकीलसाहेब सावकाश म्हणाले. "मागची बाजू कोरी होती. मी तसं लिहिलंही आहे."

"लिहिलं आहे नं. दोनदा."

मी दुसरं पान वाचायला घेतलं, कारण कोणीतरी काहीतरी करणं भाग होतं. वरच पहिली ओळ होती: पान एकवर दिलेल्यांपैकी कोणी उपलब्ध नसल्यास नोटरी पब्लिकची सही आणि शिक्का चालेल. त्याखाली अर्जदाराची सही आणि तारीख. संपलं.

मी ती ओळ मोठ्याने वाचली. वकीलसाहेबांचा नोटरीचा शिक्का पहिल्या दिवसापासून त्या कागदावर होता. त्यांच्या हुद्द्याबद्दल इंग्लंडात कोणालाही कधीही शंका आलेली नव्हती.

वकीलसाहेब खुर्चीत टेकले. त्यांना आपल्या चुकीचा धक्का बसला असेल असं मला वाटलं होतं. बसलेला धक्का वेगळा होता.

"म्हणजे," ते म्हणाले, "त्यांनी आपला खुलासा वाचलाच नाही."

"परिशिष्टही नाही," मी म्हणालो.

"चला, सही कुठं करू?" बाई म्हणाल्या.

त्यांनी दुसऱ्या पानावर सही केली. तीस वर्षं हजेरीपट भरलेलं अक्षर, एकही फाटा इकडेतिकडे नाही. वकीलसाहेबांनी पहिल्या पानावर पट्टी लावून तिन्ही शब्द खोडले. ते अजूनही लागू नव्हते. शिक्का या वेळी त्यांनी डावीकडे मारला, कोपरा मोकळा ठेवून. मग सवयीने कागद उलटला, पेन टेकवलं, आणि थांबले. पाठ कोरी होती. त्यांनी पेन उचललं, टोपण लावलं, आणि कागद तसाच पाकिटात घातला. मी त्यांच्या शेजारी जितकी वर्षं काढली त्यांत बिनरेघेचा असा तो एकच कागद.

चार पानी खुलासा त्यांनी खणात ठेवला. कुलूप उघडताना शिक्का दिसला असणार. बाई गेल्यावर त्यांनी नोटरीचं रजिस्टर काढलं, आधीच्या दोन नोंदी शोधल्या आणि प्रत्येकीशेजारी लाल शाईत लिहिलं: 'मागची बाजू कोरी हा शेरा खरा, परंतु अपुरा.' शेजारी आद्याक्षरं. एवढ्या अचूकपणे पश्चात्ताप करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी माझी देशांची वही कपाटावर टाकली. तिथे ती पुढे झेरॉक्सच्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्याखाली गेली आणि तिचा उपयोग सुरू झाला.

त्यानंतर बाईंची काही खबर नव्हती. पाकीट परत आलं नाही, एवढंच. मधूनमधून वकीलसाहेब कुरियरवाल्याला पाहून मान वर करत आणि पाकीट भलत्याचं निघालं की पुन्हा खाली घालत. एकदा म्हणाले, "आजकाल नववा महिना किती दिवसांचा असतो?"

"पूर्वीइतकाच असावा."

"हं."

पाचसहा महिन्यांनी बाई आल्या. तीच कापडी पिशवी. तीत एक फोटो आणि डिंकाचे दोन लाडू, वर्तमानपत्रात बांधलेले. फोटोत एक अत्यंत रागीट बाळ होतं.

"नातू," त्या म्हणाल्या. "आठ दिवस आधी पोचले मी. लाडू विमानतळावर धरले होते त्यांनी. काय आहे म्हणे? मी म्हटलं, डिंक. तर तो साहेब वासच घेऊन राहिला. मग एक खाऊन दाखवला, तेव्हा सोडलं."

वकीलसाहेबांनी फोटो दोन्ही हातांनी धरून पाहिला. "आजोळवर गेलाय," ते म्हणाले. बाईंखेरीज त्यांनी आजोळचं कोणीही पाहिलेलं नव्हतं.

मग बाईंनी पिशवीतून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. नातवाचा इंग्लंडातला जन्माचा दाखला. इकडचं त्याचं कसलंसं कार्ड काढायचं होतं आणि त्यासाठी साक्षांकित प्रत हवी होती. झेरॉक्स त्या खालून करूनच आल्या होत्या. भाषांतराची गरज नव्हती, पोरगा इंग्रजीतच जन्मला होता, त्यामुळे मला काही काम नव्हतं. तरी मी खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाशी बसलो.

वकीलसाहेबांनी अस्सल आणि प्रत ओळ न् ओळ पडताळली. चारही कोपरे पाहिले. शिक्का मारला. मग अस्सल दाखला उलटला, आणि प्रत उलटली. दोन्हींच्या पाठी कोऱ्या होत्या. पण पेन उघडायच्या आधी त्यांनी दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले.

"बघा."

मी खिडकीच्या उजेडात धरून बघितले. "कोरे आहेत."

त्यांनी ते बाईंकडे सरकवले. "आपणही बघा."

बाईंनी पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला. एक कागद पाहिला. दुसरा पाहिला. दोन्ही कागदांत आणखी एखादा चिकटलेला नाही ना, ते बोटांनी चाचपून पाहिलं.

"कोरीच आहे मागची बाजू," त्या म्हणाल्या. "मारा रेघ."

वकीलसाहेबांनी पट्टी लावली.